राऊटरला बांधलेली लिंबू-मिरची

एका गावात एक घर होतं. त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं होतं. ज्याचं ताट त्यानंच घ्यायचं, ज्याचा पेला त्यानंच तोंडाला लावायचा. चुकून कुणी दुसऱ्याच्या पेल्यानं पाणी प्यायलं, तर घरात दिवसभर कुरकुर चालायची.

त्या घरात धाकट्या मुलाचं लग्न होऊन नवी सून आली. ती बहिऱ्या मुलांना शिकवायची. शाळा दूरच्या शहरात होती. ही इथे लॅपटॉपसमोर बसून हातांच्या खुणांनी धडा सांगायची आणि मुलं तिथे पडद्यावर बघायची. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, "माझा वर्ग सुटणार नाही." सासू म्हणाली होती, "घरात वायफाय आहे की. कर खुशाल."

त्या घराची आणखी एक रीत होती. नव्या सुनेनं सगळ्यांच्या आधी उठायचं. सून उठायची, चहाचं आधण ठेवायची, सासूनं रात्री बंद केलेला राऊटर चालू करायची आणि ओसरीवर वर्ग सुरू करायची.

थोडा वेळ सगळं नीट चाले. मग थोरला दीर उठे. गावातल्या लोकांना तो घरच्या संगणकावरून रेल्वेची तिकिटं काढून द्यायचा. त्यानं संगणक चालू केला की दोन्हीकडे घोटाळा व्हायचा. सुनेचे हात पडद्यावर अर्ध्या खुणेतच थिजायचे आणि थोरल्याचं तिकीट निघता निघता अडकायचं.

"आई, ही घरात येण्याआधी कधी असं झालं होतं का?" थोरला विचारायचा. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. तिच्याबद्दल कितीही बोललेलं मात्र चालायचं.

"नव्हतं बाई झालं," सासू म्हणायची.

असं करता करता एक दिवस थोरल्याच्या तोंडून तो शब्द बाहेर पडलाच. पायगुण! शेजारणींनी तो उचलला आणि आळीभर फिरवला. कुणी सांगितलं म्हणून राऊटरचं तोंड पूर्वेला केलं. कुणी सांगितलं म्हणून त्याला लिंबू-मिरची बांधली. लिंबू वाळलं, मिरच्या सुकल्या, नेट होतं तसंच राहिलं. राऊटर उघडून बघा, असं मात्र कुणालाच सुचलं नाही. सुनेकडे बोट दाखवायला अक्कल लागत नाही. राऊटरमध्ये डोकावायला थोडी लागते.

तिकडे शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला, "मुलांना अर्धेच हात दिसतात. काल एक मुलगी खूण कळेना म्हणून रडली. हे असंच चाललं, तर वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

सून नवऱ्याला म्हणाली, "दादांशी तुम्ही बोला."

"दादाशी मी काय बोलणार? तू काही दिवस वर्ग सोड ना."

"आणि त्या मुलांनी कुणाचा पायगुण काढायचा?"

नवरा चप्पल शोधायला गेला, तो जेवायलाच परत आला.

मग एके दिवशी सुनेला ताप भरला. ती उशिरा उठली. त्या दिवशी राऊटर थोरल्यानंच चालू केला आणि दिवसभर तिकिटं पटापट निघाली. संध्याकाळी तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "बघितलंस ना, आई? ही झोपून राहिली, तर सगळं कसं सुरळीत चाललं!"

पांघरुणातून सुनेनं ते ऐकलं. शब्द झोंबले. पण शिकवणारी बाई ती. झोंबलेलं बाजूला ठेवून तिनं विचार केला, दादा म्हणतात ते खरंच आहे. दुपारी मी अंथरुणातूनच लॅपटॉपवर शाळेशी बोलले, तेव्हा त्यांचा संगणकही चालूच होता, आणि काहीच अडकलं नाही. आज वेगळं झालं ते एवढंच, की दादा माझ्या आधी उठले.

आता तिच्यापुढे सोपी वाट होती. रोज थोरल्यामागून उठायचं. कुणाशी वाद नको, वर्गही वाचेल. पण पायगुणाचा डाग तसाच राहील, वर आळशीपणाचा आणखी एक लागेल. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी चहा देताना म्हणाली, "आई, आज एकदा घरातलं सगळं बंद करू आणि एकेक चालू करून बघू. दोष माझा निघाला, तर मी वर्ग सोडते."

सासूनं तिच्याकडे बघितलं. तापानं उतरलेला चेहरा, पण नजर सरळ. "बघू दे रे तिला," सासू थोरल्याला म्हणाली.

राऊटर बंद करून पुन्हा लावला. आधी सुनेचा लॅपटॉप चालू केला. छान चालला. मग थोरल्याचा संगणक. दोन्ही अडखळले.

"झालं समाधान?" थोरला आईला म्हणाला. "मी काय सांगत होतो!"

"अजून संपलं नाही," सून म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटून ठेवला, थोरल्याचा संगणक बंद करायला लावला आणि राऊटर पुन्हा नव्यानं सुरू केला. "आता आधी आईंचा फोन जोडू. आई, मावशींना लावा."

सासूनं बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. दोघींच्या गप्पा रंगल्या. मग सुनेनं थोरल्याला संगणक चालू करायला सांगितलं. त्यानं केला, आणि पडद्यावरची मावशी तोंड उघडं ठेवून तशीच राहिली.

सासूनं फोन खाली ठेवला. ती म्हणाली, "काय रे, कालपर्यंत हिचा पायगुण होता. आज माझा झाला का?"

थोरला संगणकाकडे वळला. त्याच्या पडद्यावर एक चौकट आली होती.

"हे काय आलंय, दादा?" सुनेनं विचारलं.

"ते रोजच येतं, आई. मी 'ठीक आहे' दाबून घालवतो."

"आज वाच," सासू म्हणाली.

त्यानं वाचलं, "हा नंबर आधीच दुसऱ्या यंत्राकडे आहे."

संगणक रोज खरं सांगत होता. वाचायचे कष्ट नको म्हणून सगळं घर सुनेच्या पायांकडे बघत होतं.

राऊटर म्हणजे पंगतीतला वाढपी. येईल त्याला तो एकेक नंबर देतो, पाट दाखवावा तसा, आणि त्या नंबराप्रमाणे वाढतो. एका पाटावर दोघं बसले, की वरण एकाच्या पानात, भात दुसऱ्याच्या, आणि दोघंही उपाशी. सून येण्याआधी एकदा तिकिटं झपाझप निघाली होती, तेव्हा थोरल्यानं त्या दिवशीचा नंबर लाभाचा समजून संगणकात कायमचा कोरून ठेवला होता, पेल्यावर नाव कोरतात तसा. वाढप्याला मात्र सांगितलं नव्हतं. तोच सर्वांत आधी उठायचा तोवर बिघडलं नाही, कारण पाटावर कुणी बसलेलं दिसलं की वाढपी पुढच्याला दुसरा पाट द्यायचा. सून आधी उठू लागली आणि मोकळा दिसलेला तोच पाट वाढप्यानं तिला दिला. तिला आधी उठवणारी रीत या घराचीच!

"घालवतो मी तो नंबर," थोरला पुटपुटला. पहिल्यांदाच तो थेट सुनेशी बोलत होता.

"राहू दे की तुमचाच. फक्त राऊटरला सांगून ठेवू, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला देणार नाही." तिनं राऊटरमध्ये तशी नोंद करून दिली.

सासू स्टुलावर चढली. तिनं राऊटरची वाळलेली लिंबू-मिरची काढली आणि थोरल्याच्या हातात ठेवली. "ज्या ज्या दारी तुझा तो पायगुण पोचला, त्या त्या दारी आता हेही सांगून ये."

तो निघाला. ओसरीवर सुनेचे हात पुन्हा हलू लागले, आणि दूरच्या शहरात एक मुलगी पूर्ण खूण बघून हसली.

तात्पर्य: स्वतःची जागा पक्की करायची, तर वाढणाऱ्याला सांगून करावी; आणि काही बिघडलं, तर नव्या माणसाचे पाय बघण्याआधी जुन्यानं आपला पाट तपासावा.