गेनूची जागा

चारी बाजूंनी डोंगर आणि मधे एक भलं मोठं तळं. इतकं मोठं, की या काठावरची म्हैस त्या काठावरून मुंगीएवढीही दिसत नसे. तळ्याच्या उगवतीला भोयांचं एक गाव होतं आणि त्या गावात गेनू नावाचा एक नावाडी राहत होता.

या तळ्यात खडस नावाचा मासा होता. सोनेरी खवल्यांचा, अंगानं दांडगा, आणि गळाला लागला की होडीसकट माणसाला ओढत नेणारा. त्याच्यासाठी दूरच्या शहरांतून शौकीन पाहुणे गळकाठ्या घेऊन यायचे. दिवसभर उन्हात बसायचे, एखादा खडस धरायचे, त्याच्याकडे डोळे भरून बघायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. गावातल्या म्हाताऱ्या याला खुळेपणा म्हणत. पण खुळ्यांना तळं माहीत नसतं, त्यांना नेणारा-आणणारा कोणीतरी लागतो. गावातले बारा नावाडी तेच काम करत. त्या बारांत गेनू पहिला. त्याच्या होडीत बसलेला पाहुणा खडस बघितल्याशिवाय सहसा परत येत नसे.

याचं कारण गेनूची एक जागा होती.

तळ्याच्या वरच्या अंगाला, बुडालेल्या रानात, सुकलेल्या झाडांची खोडं पाण्यातून वर आलेली होती. होडी फुटेल म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. त्या खोडांच्या मधे एक काळा खडक होता आणि खडकाच्या सावलीला खोल पाण्यात खडस येऊन राहत. ही जागा गेनूला वीस वर्षांपूर्वी सापडली आणि त्या दिवसापासून ती त्यानं काळजात कुलूप लावून ठेवली.

त्याला तसं कारण होतं. त्याच्या बापाला एकदा अशीच एक जागा सापडली होती. बाप मोकळ्या मनाचा. त्यानं ती शेजाऱ्याला दाखवली, शेजाऱ्यानं मेहुण्याला दाखवली, आणि एका हंगामात तिथे मासा औषधालाही उरला नाही. गेनू तेव्हा लहान होता. त्यानं मनाशी गाठ बांधली, की आपल्या तोंडून असं काही बाहेर पडायचं नाही.

गाठ बांधणं वाईट नाही. पण गेनूनं ती इतकी घट्ट बांधली, की त्याचाच गळा आवळला गेला. पाहुण्याला खडकाकडे नेताना तो त्याचे डोळे उपरण्यानं बांधायचा. पेठे वकील म्हणून त्याचे एक जुने पाहुणे होते. ते एकदा हसून म्हणाले, "अरे गेनू, मी वकील आहे. चोर नव्हे."

"चोर परवडला साहेब," गेनू म्हणाला, "चोर कुणाला सांगत बसत न्हाई."

दुपारी बाकीचे नावाडी घाटावर पिंपळाखाली गोल करून भाकरी खायचे. कोणाचं कालवण कोणाच्या भाकरीवर, कोणाची थट्टा कोणाच्या डोक्यावर. गेनू लांब आपल्या होडीत बसून एकटाच खायचा. गप्पांत जीभ सैल सुटते, त्यापेक्षा गप्पाच नकोत. बायको होती तोवर घरी बोलायला माणूस होतं. ती गेली आणि मग काही दिवस असे जायचे, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत गेनूचा आवाज गेनूलाही ऐकू येत नसे. त्याला ते जाणवायचं. अंथरुणावर पडलं की छातीत काहीतरी रितं रितं वाटायचं. मग तो खडकाची आठवण काढायचा आणि स्वतःची समजूत घालायचा, की आपल्यापाशी जे आहे ते दुसऱ्या कोणापाशी नाही.

आता त्या घाटावर एक जुना रिवाज होता. होडी सोडण्याआधी प्रत्येक नावाड्यानं सोनाईला दिशा सांगून जायचं. सोनाई म्हणजे घाटावर चहाचं दुकान चालवणारी म्हातारी. कोणी म्हणे, "सोनाई, देवळाकडं चाललो गं." कोणी म्हणे, "खिंडीकडं." ती मान हलवून म्हणे, "बरं." एवढंच. तळं मोठं, वारं लहरी. होडी वेळेवर आली नाही तर शोधायचं कुठे, हे कोणाला तरी ठाऊक असावं, म्हणून हा रिवाज.

गेनूही रोज सांगायचा. "सोनाई, जांभळीकडं चाललो." आणि जांभळी म्हणजे तळ्याचं अगदी दुसरं टोक. काठावरून दिसेनासा होईपर्यंत तो जांभळीच्या दिशेनं वल्ही मारायचा, मग मधल्या बेटामागून वळसा घालून वरच्या अंगाला जायचा. हातांना उगाच घंटाभराची जादा मेहनत. पण वीस वर्षांत त्यानं एकदाही खरी दिशा सांगितली नाही, आणि वीस वर्षांत सोनाईनं एकदाही शंका घेतली नाही.

एके वर्षी परतीच्या पावसाचे दिवस होते. आदल्या रात्री डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. त्या दिवशी दुपारी पेठे वकील येणार होते, म्हणून गेनू सकाळी एकटाच निघाला. खडकापाशी कणकेचे गोळे टाकून ठेवावेत, म्हणजे मासा जागेवर राहील, असा त्याचा विचार. नेहमीप्रमाणे "जांभळीकडं" म्हणाला आणि नेहमीप्रमाणे उलट्या दिशेला गेला.

पाणी गढूळ झालं होतं. रोज दिसणारं एक खोड त्या दिवशी दिसलं नाही. होडीच्या तळाची फळी कडाडली, पाणी आत घुसलं. गेनूनं कशीबशी होडी खडकापर्यंत रेटली आणि उडी मारली. शेवाळावर पाय सटकला. गुडघा खडकावर असा आपटला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय टेकवून बघितला तर टेकवेना.

खडक पाण्याच्या वर हात-दीड हात होता. गेनूनं होडी ओढून वर घेतली आणि पाण्याकडे बघितलं. डोंगरात पाऊस झाला की तळं दिवसभर चढत राहतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत हा खडक पाण्याखाली जाणार होता. काठ लांब होता. गेनू पट्टीचा पोहणारा, पण मोडक्या पायानं चढत्या पाण्याच्या ओढीत तो दहा हातही गेला नसता.

तो बसून राहिला. ऊन वर आलं. आणि मग खोडांच्या पलीकडून वल्ह्यांचा आवाज आला.

बारकूची होडी होती. बारकू त्याच्याच वयाचा, त्याच्याच आळीतला नावाडी. बरोबर दोन पाहुणे होते आणि तो त्यांना मोठ्यानं काहीतरी सांगत होता. पाणी चढल्यामुळे तोही आज या बाजूला आला होता. नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

गेनूनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

हाक मारली की बारकू येणार. बारकू आला की खडक बघणार. खडक बघितला की खाली काय आहे ते त्या भोयाच्या पोराला सांगावं लागणार नाही. उद्या इथे बारा होड्या उभ्या राहतील. वीस वर्षं जपलेलं एका हाकेत जाईल. अजून दुपारही झाली नव्हती. काहीतरी सुचेल, गेनूनं स्वतःला सांगितलं. उलट होडी अजून जवळ आली तेव्हा तो फुटक्या होडीच्या आड पालथा पडला, तोंडावर स्वतःचाच हात दाबून.

बारकू निघून गेला. आणि गेनूला काय वाटलं असेल? हायसं वाटलं! पाय मोडलेला, होडी फुटलेली, पाणी चढतंय आणि गडी खूश, की जागा वाचली. माणूस एकदा असा झाला की त्याला शहाणपण शिकवायला पाणीच लागतं.

ते पाणी हळूहळू वर येत होतं. दुपार कलली तेव्हा खडक वीतभर उरला होता. काही सुचलं नव्हतं. आणि अशात, फार लांबून, थाळी वाजवल्याचा आवाज आला. मग शिंगाचा. मग आणखी एका थाळीचा.

त्यानं ओळखलं. पेठे वकील घाटावर येऊन बसले असणार, गेनू आला नाही म्हणून विचारत असणार, आणि गाव त्याला शोधायला निघालं असणार. आवाज जांभळीकडून येत होता.

गेनू हात वर करून ओरडला. "आरं, हिकडं! हिकडं हाय मी!" वारा जांभळीकडून त्याच्याकडे वाहत होता. त्यांचा आवाज त्याच्यापर्यंत येत होता, त्याचा मात्र त्याच्याच तोंडावर परत आपटत होता. तो ओरडत राहिला, घसा बसेपर्यंत. थाळ्या वाजत राहिल्या. मधूनच एखादा स्पष्ट शब्द वाऱ्यावर यायचा, आणि तो शब्द त्याचंच नाव असायचा. वीस वर्षांत इतक्या माणसांनी त्याला एकाच वेळी हाक मारली नव्हती. आणि ती सगळी तळ्याच्या त्या टोकाला होती, कारण त्यानंच त्यांना तिकडे पाठवलं होतं.

गेनू लहान पोरासारखा रडला. इतकं एकटं त्याला बायकोच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

मग त्यानं डोळे पुसले. होडीतल्या घट्ट झाकणाच्या डब्यात काडेपेटी कोरडी राहिली होती. होडीच्या तळाला डांबर होतं. ती होडी बापाची, बापानं स्वतःच्या हातानं जोडलेली. धूर निघाला तर तो नुसता जांभळीला नव्हे, साऱ्या तळ्याला दिसणार होता आणि ही जागा पोराटोरांना कळणार होती. गेनूनं आता फार विचार केला नाही. पाहुण्यांना बसायची चटई फाडली, ती होडीच्या कोरड्या टोकाखाली कोंबली, होडीतल्या कंदिलातलं तेल ओतलं आणि काडी ओढली. स्वतः खडकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसला. डांबर पेटलं आणि काळाकुट्ट धूर डोंगराएवढा उंच गेला.

जांभळीकडच्या थाळ्या थांबल्या.

होड्या आल्या तेव्हा पाणी गेनूच्या कमरेला लागलं होतं. एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा होड्या, खोडांमधून वाट काढत. सगळ्यांत पुढे बारकू. त्यानं गेनूला दोन्ही काखांत हात घालून वर ओढलं, आडवं निजवलं, स्वतःचं मुंडासं सोडून गुडघ्याला आवळून बांधलं. कोणी घोंगडी टाकली. कोणी किटलीतला चहा तोंडाला लावला. चहा सोनाईनं पाठवला होता, वाटेत गार झालेला.

गेनू चहा पीत सगळ्यांचे डोळे न्याहाळत होता. सवय जाते थोडीच! कोण खडक बघतोय, कोण पाण्याचा रंग बघतोय, कोण काठावरची खूण लक्षात ठेवतोय, हे तो शोधत होता. कोणीच काही बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

होड्या गावाकडे वळल्या. बुडालेलं रान मागे पडलं. बारकू वल्ही मारता मारता म्हणाला, "सोनाई म्हणली, गेनू जांभळीला गेलाय. मग आमी सगळं जांभळीला. झाड न् झाड धुंडाळलं."

गेनूनं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"आन् सकाळी तर मी तितनंच गेलो की," बारकू म्हणाला. "तवा हाक का न्हाई मारलीस?"

गेनूच्या जिभेवर एक खोटं अगदी तयार होतं. शुद्ध नव्हती, आवाज निघेना, असलं काहीतरी. वीस वर्षांचा सराव होता. पण अंगावर दुसऱ्याची घोंगडी होती, पायाला दुसऱ्याचं मुंडासं होतं. त्याच्यानं खोटं बोलवेना.

"तुला जागा कळली आसती," तो म्हणाला.

बारकूनं वल्हं थांबवलं. तो चिडला नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "कसली जागा?"

गेनूनं दाखवायला मान वळवली आणि हात उचलला. काळा खडक केव्हाच बुडाला होता आणि मागे सगळीकडे सारखंच गढूळ पाणी पसरलं होतं. त्याला दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तात्पर्य: जी वाट आपण साऱ्या जगापासून लपवतो, त्या वाटेनं संकटात आपल्यापर्यंतही कोणी पोहोचू शकत नाही.