कर्बाचे चार हात

फार जुनी गोष्ट आहे. तळ्याकाठच्या चिखलात कर्ब नावाचा कण राहायचा. त्याचे तीन हात लांब होते आणि चौथा आखूड, गोल. एकदा हायड्रोजनच्या घरच्या चार हलक्याफुलक्या बहिणी आधाराला आल्या. तिघींनी लांब हात पकडले.

"कर्बदादा, तुझा हा चौथा हात पुरत नाही! मी उडून जाईन!" धाकटी रडू लागली.

काठावर साळूबाई भाकऱ्या करत होती. पिठाचा एक उंडा लहान झाला, तशी तिने चारही उंडे मोडून एकत्र मळले आणि सारखे केले.

ते पाहून कर्ब आनंदाने उसळला! त्यानेही आपले चारही हात एकमेकांत मळून नव्याने काढले. चारही सारखे, चार दिशांना!

"पोचला, पोचला!" धाकटीने हात घट्ट धरला.

"माझ्या वाट्याचा हात मघाशी जरा लांब होता," थोरली कुरकुरली.

"होता ना," कर्ब म्हणाला, "त्यातलाच थोडा आता धाकटीच्या हातात आहे."