पहिला वासा

कापल्यावरही लाकूड बोलत असे, त्या काळातली ही गोष्ट. बाबल मेस्त्री शाळेच्या छपरासाठी वीस वासे कापत होता. पहिला त्याने नीट मापून कापला. बाकीचे त्याच्यावरूनच आखायचे होते.

दुसरा कापून झाला आणि पहिल्याच्या अंगावर पडला. तिसऱ्याच्या वेळी पहिल्याने खालून हाक मारली, "मेस्त्री, मला वर काढा."

"त्याला कशाला उपसताय?" दुसरा म्हणाला. "मी हाताशीच आहे की!"

मेस्त्रीला घाई होती. त्याने तिसरा दुसऱ्यावरून आखला, चौथा तिसऱ्यावरून. दरवेळी करवत थोडी रेघ खात गेली. पहिला रुसला, त्याने पुन्हा हाक मारली नाही.

छपरावर चढवताना विसावा वासा आढ्यापर्यंत पोचेना. तो दोन बोटं आखूड भरला.

"चुकलं कोण?" मेस्त्री ओरडला.

"मी नाही," बाकीचा प्रत्येक वासा म्हणाला. "मी आधीच्यापेक्षा रेघभरच आखूड आहे."

मेस्त्री पहिल्यापाशी येऊन बसला. "तुला कळत होतं ना? मग पुन्हा हाक का नाही मारलीस?"



"मला वाटलं," पहिला म्हणाला, "तुम्हीच विचारायला याल."