हुंगल्याशिवाय ओतायचं नाही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. कोरडी थंडी. डेअरीच्या आवारात आठपर्यंत धुकं.

चेअरमन भाऊसाहेब काटवटे यांनी सकाळीच हुकूम सोडला. सोमवारपासून संघ गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं घेणार. त्यासाठी बावीस संकलन केंद्रांवरच्या यंत्रांत नवा प्रोग्राम हवा. सोमवारी सकाळी जिथे तो नसेल, ते केंद्र बंद!

दूध मोजून पावती छापणारी ही छोटी यंत्रं लिनक्सवर चालतात. नवा प्रोग्राम मी ऑफिसातल्या तशाच यंत्रावर तयार करून तपासला होता. तेरा केंद्रांना तो ऑफिसातूनच पाठवता येतो, पण पठारावरच्या नऊ केंद्रांना रेंज नाही. मी जीप मागितली. भाऊसाहेब म्हणाले, गेल्या वर्षी जीप नेलीत ते अकरा दिवसांनी उगवलात. यंदा ऑफिसातून कुणी हलायचं नाही. शिवाय कुठेही एका वेळचंही माप चुकता कामा नये.

कॅन धुणाऱ्या हौसाबाई दारातून ऐकत होत्या. त्यांचं घर पठारावर. तिथलं केंद्र बंद झालं तर त्यांच्या सुनेला दोन म्हशींचं दूध रोज सात किलोमीटर डोक्यावरून उतरवावं लागणार.

"भाऊसाहेब, दुधाची गाडी तर दोन येळा वर जातीयाच की," त्या म्हणाल्या. "कॅन चढवंस्तवर पाव तास उभी असती. तुमचं काय असंल ते तिच्यात बसवा. माणूस कशाला?"

गाडीत वायफायचा एक डबा ठेवला, तर ती उभी असताना केंद्राचं यंत्र प्रोग्राम उतरवून घेईल. मी वहीत टिपून घेतलं.

भाऊसाहेब इतक्यात हरणारे नव्हते. "आणि वाटेत त्यात कुणी पाणी घातलं तर?"

"कॅनला सील मारता, तसं ह्यालाबी मारा. सील तुटलेला कॅन आपण उतरून घेतो व्हय?"

प्रोग्रामवर संघाची डिजिटल सही असते; ती जुळली नाही तर यंत्र तो घेत नाही, असं मी सांगितलं.

"बरं. नवा बसवला आणि तोच नासका निघाला तर? माप चुकलंच ना?"

"पंचवीस वर्सं कॅन धुतीया मी. तरी केंद्रावाला माझा कॅन हुंगल्याबगार दूध वतत न्हाई. वास आला तर बाजूला सारतो अन् जुन्यात वततो. माझ्यावर इस्वास न्हाई, अन् ह्या नव्यावर बरा बसला तुमचा! जुना फेकू नका, म्हंजे झालं."

यंत्रात दोन्ही प्रोग्रामपुरती जागा होती. नव्याने आधी स्वतःची चाचणी घ्यायची. ती पुरी झाली नाही तर यंत्राने जुन्यावर परतायचं, अशी सोय मी दुपारपर्यंत केली. संध्याकाळच्या गाड्यांतून डबे गेले.

१७ नोव्हेंबर, सोमवार. थंडी तशीच, धुकं नाही.

सकाळच्या संकलनानंतर गाड्यांतले डबे परतले; पठारावरच्या यंत्रांनी त्यांत टाकलेल्या नोंदी धरून यादी केली आणि भाऊसाहेबांकडे गेलो. पठारावरची नऊच्या नऊ यंत्रं नव्या प्रोग्रामवर होती. सगळ्या तालुक्यात एकच यंत्र जुन्यावर परतलं होतं, ऐन चाचणीत वीज गेल्यामुळे. ते काटवटेवाडीचं. भाऊसाहेबांच्या स्वतःच्या गावचं.

भाऊसाहेबांनी हौसाबाईंना बोलावून घेतलं आणि विचारलं, आता काय करायचं?

"हुकूम तुमचा हाय," हौसाबाई म्हणाल्या. "वैनीसाहेबांस्नी कॅनखाली डोईवर ठेवाया चुंबळ देऊ का धाडून?"

भाऊसाहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. कुठलंही केंद्र बंद करायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलं. वर कॅन धुण्याच्या हौदावर गरम पाण्याचा नळ मंजूर केला.

काटवटेवाडीचं यंत्र संध्याकाळी सहा चाळीसला नव्या प्रोग्रामवर आलं. एकूण यंत्रं बावीस. चुकलेली मापं शून्य. 

२० नोव्हेंबर, गुरुवार. हौदावर नळ बसला.