गंगाळासाठी दिलेला आरसा

फार फार मागं, वाळवंटात तंबू ठोकून राहणारा इस्राएली लोकांचा एक तांडा होता. आज इथं तर उद्या तिथं, असं त्यांचं चालायचं. देवासाठी म्हणून त्यांनी एक मोठा तंबू उभारायचा ठरवला, म्हणजे तांडा उठला की देवाचं ठिकाणही बरोबर निघेल. मग काय, ज्याच्याकडे जे होतं ते तो घेऊन आला. कुणी सोनं आणलं, कुणी रुपं, कुणी बकरीच्या केसांचं कापड, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी बाभळी तोडून आणल्या.

बायकांना मात्र निरोप आला, की तुमचे आरसे द्या. तेव्हा काचेचे आरसे कुठले! पितळेचा पत्रा घासून घासून लख्ख करायचा आणि त्यात तोंड बघायचं. हे आरसे वितळवून एक मोठं गंगाळ ओतायचं होतं आणि देवाची सेवा करणाऱ्या याजकांनी आत जाण्याआधी त्यातल्या पाण्यानं हातपाय धुवायचे होते. बायका कुरकुरल्या. तंबूतल्या देवाच्या पेटीला सोनं आणि गंगाळाला आमचे आरसे, असं का, म्हणून त्यांनी ओताऱ्याला विचारलं. धातू ओतण्यातच त्या म्हाताऱ्याची सगळी हयात गेली होती.

"सोनं कधी काळवंडत नाही, म्हणून ते देवाजवळ," तो म्हणाला. "बाभूळ उजाड रानातही तगते, म्हणून खांब तिचे. पितळ आपल्यासारखं आहे. चार दिवस हात लावला नाही, की डाग धरतं. आत जाण्याआधी माणसानं आपलं तोंड त्यात बघावं आणि मगच हात धुवावेत."

बायकांना ते पटलं. शिवाय ज्या आरसे देतील त्यांनाच तंबूच्या दाराशी सेवेला उभं राहायला मिळणार होतं, आणि तो मान तर सगळ्यांनाच हवा होता.

याच तांड्यात यमीमा नावाची एक बाई होती. घरी बकऱ्यांचे कळप, अंगावर दागिने, कशाला म्हणून कमी नाही. तिचा आरसा मिसर देशाचा, मुठीवर कमळ कोरलेला. शेजारच्या तंबूत तिर्सा राहायची, विधवा आणि एकटी. तिच्याकडे आईचा एक जुना आरसा होता, जाडजूड, कडेला ठेचलेला. आता दोघींची बरोबरी ती काय? पण यमीमाला कोण सांगणार! विहिरीवर बायका तिर्साशी हसून बोलल्या, तरी हिच्या पोटात दुखायचं. कुणाचं मूल आजारी पडलं की लोक तिर्साला बोलवायचे. मला का नाही, या विचारानं हिला घास गोड लागायचा नाही.

आरसे द्यायच्या दिवशी यमीमा नटूनथटून गेली. ओताऱ्यानं तिचा आरसा घेतला, तोलला आणि न बोलता ढिगावर ठेवला. मागून तिर्सा आली. तिचा आरसा त्यानं बोटानं वाजवून बघितला आणि म्हणाला, की असं भरीव पितळ हल्ली बघायला मिळत नाही. झालं. यमीमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुपारी सगळे सावलीला पडले असताना ती भट्टीपाशी गेली. आपला आरसा जरा वर काढून ठेवायचा, एवढंच करायचं आहे, असं ती स्वतःला सांगत होती. पण हातात आला तो तिर्साचा. तो तिनं ओढणीखाली घेतला आणि घरी नेऊन लोकरीच्या गाठोड्यात खुपसला. त्याच्यावाचून काही गंगाळ अडत नाही, असं ती पुटपुटली.

पण अडलं. ओताऱ्यानं आरसे तोलून बरोबर तेवढ्याच पितळेच्या बेतानं साचा केला होता, आणि वितळवताना पुन्हा कोण तोलत बसतंय? ओतता ओतता रस संपला. साचा फोडला तर गंगाळाला एका बाजूनं काठच आलेला नव्हता. दिलेला आरसा कुणीतरी परत नेला, हे सगळ्यांना कळून चुकलं.

संशय गेला तो तिर्सावर. आरसा देताना ती रडली होती, ढिगापाशी बराच वेळ घुटमळलीही होती. आईची वस्तू, मोह झाला असेल, असं विहिरीवरच्या त्याच बायका बोलायला लागल्या. वडीलधाऱ्यांनी तिला बजावलं, की देवाला दिलेलं परत घेणारीला दाराशी उभं राहता येणार नाही. तिर्सानं शपथ घेतली. कुणी ऐकलं नाही.

यमीमाला हवं होतं ते अगदी हेच. ती घरी आली, गाठोड्यातून आरसा काढला आणि ऐटीत त्यात बघितलं. आत एक बाई हसत होती, शेजारीण रडते आहे म्हणून हसत होती. यमीमानं तोंड सरळ केलं, पुन्हा बघितलं, तरी ओठांच्या कडेला ते हसू होतंच. इतकी वर्षं ती आरशात काजळ बघायची, कानातलं बघायची. हा चेहरा तिनं कधी बघितलाच नव्हता. तिला स्वतःची शिसारी आली.

आता तो आरसा वाळूत पुरला असता तर कुणाला कळणार होतं? बराच वेळ ती बसून राहिली. मग उठली आणि सगळ्यांना दिसेल असा आरसा हातात धरून भट्टीपाशी गेली.

"मी नेला होता," ती म्हणाली. "तुम्हाला तिचा आवडला, माझा नाही, म्हणून."

ओतारी म्हणाला, की सगळं फोडून पुन्हा ओतावं लागेल, भाता ओढायला माणूस हवं. यमीमा भात्याला बसली. हाताला फोड आले, घामानं काजळ ओघळलं, तरी ती उठली नाही. दाराशी उभं राहायचा मान गेला, आणि तो तिनं मागितलाही नाही.

या वेळी रस पुरला. गंगाळ निवल्यावर बायका आपापला आरसा कुठं गेला ते हौसेनं शोधायला लागल्या. यमीमानंही शोधलं, पण सगळं एकच पितळ झालं होतं. नवा काठ अजून खरबरीत होता. तिर्सा तो घासायला येऊन बसली, तेव्हा यमीमानं मान खाली घालून तिची माफी मागितली.

"आज नाही जमायचं मला," तिर्सा म्हणाली. "फार लागलंय गं."

पण ती उठून गेली नाही. तिनं मूठभर वाळू यमीमापुढं सरकवली, आणि दोघी काठ घासत बसल्या.

तात्पर्य: हेव्यापायी आपण एकाचं कमी करायला जातो आणि तूट सगळ्यांना येते. ती भरायची तर आधी 'हे मी केलं' असं म्हणावं लागतं. माफी मिळेल तेव्हा मिळेल.