उदाराम कोतवालाची खोटी दवंडी

मोहतळीच्या तळ्याची पाळ बांधणारे हात अजून जिवंत होते, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात काडेपेटी आली नव्हती. चूल विझली की बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायची, "इस्तो दे जी माय," म्हणायची, आणि गोवरीवर निखारा घेऊन परतायची. पण लगेच नाही. आधी घटकाभर बसायची. कोणाच्या लेकीला दिवस गेले, कोणाची गाय आटली, सगळं त्या निखाऱ्याबरोबर घरोघर फिरायचं. चैतात मोहाच्या फुलांचा आणि चुलींच्या धुराचा असा एकत्र वास सुटायचा, की लांबून येणाऱ्याला गाव दिसायच्या आधी कळायचं. तो वास आता कुठं राहिला!

त्या गावात उदाराम नावाचा कोतवाल होता. मालगुजाराचा, म्हणजे गावमालकाचा, हुकूम आला की डफ वाजवून दवंडी द्यायची, हे त्याचं काम. जातीनं महार, म्हणून घर गावाबाहेर. गावातल्या प्रत्येक दारापर्यंत जाणारा तो एकटाच, आणि एकाही दाराच्या आत न गेलेलाही तोच. अंगणात उभं राहून माणसं बघायची त्याला सवय लागली. कोण कोणाकडे बसतं, कोणाच्या हाकेला कोण ओ देतं, कोणाला पाहून कोण वाट बदलतं. असं म्हणतात, की नुसत्या पावलांच्या आवाजावरून तो सांगायचा, ही बाई कोणाच्या घरून निघाली आणि तिथं तिला कोणी बस म्हटलं की नाही.

पुढं त्या तळ्याला जणू तोंड फुटलं. आधी कोष्ट्यांची एक म्हातारी तळ्याकडे गेली ती परत आली नाही. मग एक सुतार. दीड वर्षात पाच जण गेले. पाचवी मालगुजाराची धाकटी सून, गौराई. गाव म्हणालं, तळ्यातल्या आसरा, त्या पाण्यातल्या देवता, हाका मारतात. बकरा झाला, हळदकुंकू झालं, पाळीवर काट्यांचं कुंपण झालं.

उदारामला मात्र गौराईचं एकच बोलणं आठवत राहिलं. जायच्या महिनाभर आधी ती दारात उभी होती. "दादा, गावात काय चाललं जी?" तिनं विचारलं होतं. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "आणखी सांग ना." त्याला पुढच्या आळीत दवंडी द्यायची होती. तो निघून गेला होता.

गौराई गेली त्या दिवसापासून त्यानं आपल्या सारवलेल्या अंगणात चिंचोके मांडायला घेतले. एका घराचा एक चिंचोका. ज्या घरून ज्या घरी इस्तो जातो, त्या दोघांमध्ये राखेची रेघ. सहा महिने तो फिरला, पाहत राहिला, रेघा ओढत राहिला. आणि एका सकाळी तो उकिडवा बसला तो उठेचना. तळ्यानं नेलेली पाचही माणसं ज्या घरांतली होती, त्या घरांना एकही रेघ नव्हती. त्यात मोडकी झोपडी होती आणि मालगुजाराचा चौसोपी वाडाही होता. मग त्याला दिसलं, की आणखी एक चिंचोका तसाच उघडा पडलाय. पार्बता कुंभारणीचा. नवरा गेला, पाठोपाठ लेकरू गेलं, तेव्हापासून तिची सावलीसुद्धा लोक टाळत होते.

तो पंचांकडे गेला. म्हणाला, "आसरा बोलावत नाहीत जी. आपण बोलावत नाही."

पंच हसले. "कोतवालानं दवंडी द्यावी, उदाराम. शहाणपण आम्हांले नको शिकवू."

माघी पुनवेच्या सकाळी त्यानं पाहिलं, पार्बताच्या छपरातून दोन दिवस धूर निघालेला नाही. तो धावत घरी गेला, डफ काढला आणि वेशीतून सुरुवात केली.

"ऐका हो ऐका! मालकाचा हुकूम आहे! घरोघरच्या चुली विझवा! ज्या घरी वरीसभर पाय टाकला नाही, त्या घरून इस्तो आणा! पहिला इस्तो पार्बता कुंभारणीचा!"

असा हुकूम कोणी दिला नव्हता. पण डफ वाजला म्हणजे मालकाचा शब्द. चुली विझल्या. बायका गोवऱ्या घेऊन कुंभारवाड्यात जमल्या. इतकी माणसं दारात पाहून पार्बता गडबडली. चूल तर थंड होती. तिनं राख उकरली, वाकून फुंकर घातली. असं म्हणतात, की दोन दिवसांच्या गार राखेतून लालभडक निखारा निघाला, आणि सत्तर घरांना दिला तरी तो तसूभर कमी झाला नाही. धुरानं की कशानं, पार्बताच्या डोळ्यांना धार लागली होती. कोणीतरी म्हणालं, "बस माय घडीभर, आम्हीबी बसतो."

दुपारी मालगुजारानं उदारामला अंगणात उभं केलं.

"कोणं सांगितलं तुले?"

"कोनी नाही जी, मालक. मीच बोललो."

"माझ्या नावानं खोटं?"

उदारामनं खाली बसून कनवटीचे चिंचोके काढले, मातीत मांडले, बोटानं रेघा ओढल्या. वाड्याचा चिंचोका एका बाजूला ठेवला. "हे तुमचं घर. इथं कोनी इस्तो मागायले येत नाही जी. भेवानं येत नाही. गौराईमाय इथंच राहत होती."

मालगुजारानं वाकून तो चिंचोका उचलला. मग त्यानं डफ काढून घेतला आणि कोतवालकी दुसऱ्याला दिली. शिक्षा तेवढीच. पण त्याच दिवशी वाड्याचा दिंडीदरवाजा त्यानं उघडा टाकायला लावला, आणि तो पुन्हा दिवसाउजेडी बंद झाला नाही.

संध्याकाळी उदाराम अंगणात बसला होता. काम गेलं होतं. तेवढ्यात पार्बता आली, मांडलेल्या चिंचोक्यांकडे बघत राहिली. त्यानं तिला सगळं समजावलं.

"आणि तुमचं घर कोणतं, दादा?"

उदारामनं अंगणभर पाहिलं. सहा महिन्यांत त्यानं आपला चिंचोका मांडलाच नव्हता. त्याच्या घरचा विस्तव कोण नेणार होतं?

पार्बतानं पदराआडून गोवरी काढली. "चूल तर माझी पेटली आहे," ती म्हणाली. "तरी इस्तो दे जी."

महाराघरचा इस्तो नेला म्हणून आठ दिवस गावानं तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मग कोष्ट्यांची एक बाई उदारामकडे इस्तो मागायला आली. मग सुताराची विधवा. कोणी दिवसाढवळ्या आलं, कोणी लपत. काही घरं कधीच आली नाहीत, हेही खरं. पण त्या तळ्यानं पुढं उदारामच्या हयातीत कोणाला नेलं नाही, असं म्हणतात.

नंतर बारा गावची माणसं त्याच्याकडे यायची. कुठं भावकी फुटलेली, कुठं गावच ओस पडत चाललेलं. तो आधी चिंचोके मांडायचा, मग बोलायचा. "माणूस खचला म्हणजे त्याले विचारू नका काय झालं," तो सांगायचा. "त्याच्या दारी शेवटचं कोण आलं होतं, ते विचारा." शिकलेली माणसंही त्याच्या अंगणात मांडी घालून ऐकत. तो गेला तेव्हा घराघरातून एकेक निखारा आला, वाड्यातूनही आला, आणि ती चिता पाच कोसांवरून दिसली, असं म्हणतात.

आता मोहतळीत गॅसच्या शेगड्या आहेत. तरी माघी पुनवेला सकाळी कोणी शेगडी पेटवत नाही. प्रत्येक घरातून एक जण गोवरी घेऊन निघतं, आणि वर्षभरात ज्या दारी गेलं नाही त्या दारी जाऊन इस्तो मागतं. मागताना उदारामाचं नाव घ्यायचं, आणि दिल्यावर घटकाभर बसायचं. पहिली गोवरी गावात सगळ्यांत नवं बिऱ्हाड असेल तिथं जाते. यंदा ती कालव्याच्या कामावर आलेल्या, दूर ओडिशाकडच्या एका जोडप्याच्या पालापाशी गेली. भाषा त्यांना येत नव्हती. बाईनं दारी आलेल्या गावातल्या म्हातारीच्या हातातली गोवरी पाहिली, तीन दगडांची चूल फुंकली, निखारा दिला, आणि मग एक पोतं झटकून बसायला टाकलं.