अर्ध्यावर सुटलेला बाण

हत्यारंसुद्धा बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका शिकाऱ्याच्या भात्यात एक नवा बाण होता. गवताच्या पेंढीवर रोज सराव करून तो कंटाळला होता. म्हातारं धनुष्य त्याला बजावायचं, "दोरी पुरती ताणल्याशिवाय सुटू नकोस रे."

एके दिवशी समोर ससा दिसला. बाणाला दम निघेना. दोरी अर्धीच ताणली होती, तोच तो सुटला आणि सशाच्या मांडीत रुतला. ससा धडपडत काटेरी जाळीत शिरला. त्याच्या अंगाची थरथर बाणाला कळत होती.

"चुकलो मी," बाण कसाबसा म्हणाला.

ससा कण्हला, "मरण आमच्या नशिबी असतंच. पण शिकायला तुला माझीच मांडी सापडली?"

बाणाला शरमेनं मान खाली घालावीशी वाटली. पण तेवढं हललं तरी सशालाच दुखलं असतं.